डिस्क ब्रेकच्या सायकलला मडगार्ड बसवताना

जून उजाडला की पुण्यात नव्याने सायकल घेतलेल्या माणसाच्या पाठीवर पहिल्याच पावसात चिखलाचा उभा पट्टा उमटतो, आणि मडगार्डाची आठवण तेव्हा होते. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक हायब्रिड आणि माउंटन सायकली मडगार्डाविनाच विकल्या जातात. जुन्या काळ्या हीरो किंवा अ‍ॅटलस सायकलला पत्र्याचे मडगार्ड आधीपासूनच लावलेले असे. त्याच्या सळया चाकाच्या आसावर नटाखाली अडकवलेल्या असत आणि ब्रेक रिमवर दाबत असल्यामुळे आसापाशी सळईच्या वाटेत येण्यासारखे काहीच नसे. डिस्क ब्रेकच्या सायकलमध्ये मात्र नेमक्या त्याच ठिकाणी, डाव्या बाजूला, चाकाबरोबर फिरणारी चकती आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चाक थांबवणारा कॅलिपर येऊन बसले आहेत. मडगार्ड बसवण्यातली जवळजवळ सगळी अडचण या एका कोपऱ्यात आहे. उरलेले काम घरच्या घरी, दोन-तीन तासांत आणि मोजक्या हत्यारांनी होण्यासारखे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. मडगार्ड सायकलवर कुठेही ओढून, वाकवून किंवा दाबून बसलेले असता कामा नये. प्रत्येक सळई आपल्या छिद्रापाशी आपणहून, हाताने न ओढता पोहोचली पाहिजे आणि बोल्टचे काम तिला फक्त तिथे धरून ठेवण्याचे असले पाहिजे. ताण देऊन बसवलेले मडगार्ड पहिल्या दिवशी व्यवस्थित दिसते, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच ताण रोज बोल्ट सैल करतो, प्लास्टिकला चीर पाडतो आणि शेवटी सळई चकतीवर टेकवतो. डिस्क ब्रेकच्या सायकलवर ही चूक होण्याचा संभव जास्त असतो, कारण वाटेत आलेल्या कॅलिपरला वळसा घालण्यासाठी सळई जोर लावून बाहेर ओढण्याचा मोह प्रत्येकाला होतो.

आधी सायकल नीट पाहावी

सायकल धुवून, कोरडी करून उजेडात उभी करावी आणि चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे सळया अडकवायची छिद्रे. मागच्या आसाजवळ फ्रेमच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे फोर्कच्या दोन्ही पायांच्या तळाशी आटे पाडलेली छोटी छिद्रे असतात. त्यांत बहुधा ५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे एम-५ मापाचा बोल्ट बसतो. काही फोर्कवर पायाच्या मध्यावर आणखी एक छिद्र असते, आणि ते असेल तर पुढचे काम फार सोपे होते. मागच्या बाजूला सीटखालून आसाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीत, पायडलच्या आसामागच्या आडव्या पट्टीत आणि पुढे फोर्कच्या माथ्यावरही मडगार्डासाठी छिद्र आहे का, हे पाहून ठेवावे.

दुसरी गोष्ट मागच्या कॅलिपरची जागा. काही सायकलींत तो सीटकडून येणारी नळी आणि पायडलकडून येणारी नळी यांच्या मधल्या कोनात, फ्रेमच्या आत बसवलेला असतो. अशी सायकल असेल तर मागची डावी सळई बहुतेक वेळा कॅलिपरला न शिवता सरळ मागे जाते. दुसऱ्या प्रकारात तो वरच्या नळीच्या पाठीवर, फ्रेमच्या बाहेर बसलेला असतो आणि सळईच्या बरोबर वाटेत येतो. पुढे असा पर्याय नसतो. पुढचा कॅलिपर फोर्कच्या डाव्या पायाच्या मागच्या अंगालाच असतो आणि पुढच्या मडगार्डाच्या सळयाही तिथूनच मागे निघतात.

तिसरी गोष्ट सस्पेन्शन. पुढचा फोर्क दाबल्यावर खाली-वर होणारा असेल, तर त्यावर पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवण्याचा विचार नवख्याने सोडून द्यावा. मडगार्डाचा एक भाग फोर्कच्या माथ्याला आणि दुसरा खालच्या हलणाऱ्या पायांना बांधला, तर फोर्क दबताच माथ्याकडचा भाग टायरवर येऊन आदळतो. अशा सायकलसाठी काय करावे ते पुढे सांगितले आहे.

चौथी गोष्ट टायरचे माप, आणि ते टायरच्या अंगावरच छापलेले असते. हायब्रिडवर बहुधा ‘७०० × ३५सी’ असे लिहिलेले असते आणि शेजारी ‘३७-६२२’ असा दुसरा आकडाही असतो. दुसऱ्या आकड्यातला ६२२ हा रिमवर टायर बसतो त्या ठिकाणचा व्यास आणि ३७ ही टायरची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन सायकलींत २९ इंची चाकाचा व्यासही ६२२ च असतो, साडेसत्तावीस इंची चाकाचा ५८४ आणि २६ इंची चाकाचा ५५९. मडगार्ड विकत घेताना हे दोन्ही आकडे कागदावर लिहून न्यावेत, कारण दुकानात ‘मोठ्या सायकलचे मडगार्ड’ एवढेच सांगून मागितले तर मिळणारी वस्तू नेहमी उपयोगी पडेलच असे नाही.

मडगार्डाची निवड आणि सामान

मडगार्ड टायरपेक्षा साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंद असावे. ३५ किंवा ३७ मिलिमीटरच्या टायरला ४५ मिलिमीटरचे मडगार्ड योग्य ठरते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती जागा ठेवायची हे मात्र आपण कुठल्या मातीतून जाणार यावर अवलंबून असते. केवळ शहरातल्या डांबरी रस्त्यांवर फिरणाऱ्याला १० ते १२ मिलिमीटर पुरतात. ज्यांचा रस्ता काळ्या मातीच्या शिवारातून जातो त्यांनी फ्रेममध्ये मावेल तेवढी जास्त जागा ठेवावी. १५ मिलिमीटरच्या खाली तर जाऊच नये. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, प्रत्येक फेऱ्यागणिक तिचा थर वाढत जातो आणि अरुंद जागेत ती इतकी घट्ट कोंबली जाते की चाक फिरेनासे होते. कोकणातली तांबडी माती त्या मानाने लवकर सुटते, पण तिच्यातले बारीक खडे मडगार्डाखाली अडकून खरखरत राहतात.

सीटखालच्या नळीला पट्ट्याने अडकवायची छोटी मडगार्डे स्वस्त आणि सोपी असतात. ती पाठीवरचा पट्टा थोडाफार थांबवतात, पण पाय, चेन आणि पायडलचा आस यांचा बचाव करत नाहीत. रोज कामावर जाणाऱ्याने चाकाला खरोखर कवेत घेणारी पूर्ण लांबीची मडगार्डेच घ्यावीत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे.

हत्यारांमध्ये ४ आणि ५ मिलिमीटरच्या एलन की, ८ आणि १० मिलिमीटरचे पाने, पक्कड, फूटपट्टी, लोखंड कापायची हॅक्सॉ आणि एक बारीक कानस एवढे पुरते. सामानात मडगार्डाच्या खोक्यातल्या वस्तूंखेरीज वेगवेगळ्या लांबीचे एम-५ बोल्ट, सपाट वॉशर, नायलॉनची कडी असलेले नट, आतून रबर लावलेल्या दोन-चार क्लिपा आणि १० ते २० मिलिमीटर लांबीच्या पोकळ नळीच्या स्पेसर, म्हणजे बोल्टवर चढवून सळई फ्रेमपासून बाहेर धरणारे तुकडे, घ्याव्यात. पुण्यात हे सगळे बोहरी आळीत मिळते. इतर गावांत मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट आणि वॉशर मिळतात, आणि स्पेसर न मिळाल्यास ५ मिलिमीटरचा बोल्ट आत जाईल अशी अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी कापून घेता येते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण साधे लोखंडी बोल्ट एका पावसाळ्यात गंजून छिद्रातच अडकतात.

चकतीला तेल लागू देऊ नये

प्रत्यक्ष कामाला हात घालण्यापूर्वी चकती आणि कॅलिपर जुन्या स्वच्छ कापडाने किंवा प्लास्टिकच्या पिशवीने झाकून घ्यावेत. ब्रेकच्या पॅडमध्ये तेल एकदा शोषले गेले की ब्रेक ओरडू लागतो आणि त्याची पकड जाते. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून स्वच्छ होते, पण तेल प्यायलेले पॅड बहुतेक वेळा बदलावेच लागतात. नव्या सायकलच्या छिद्रांत पुष्कळदा रंग साचलेला असतो आणि बोल्ट आत जात नाही. अशा वेळी तेलाचा फवारा मारण्याची अनेकांना सवय असते. कॅलिपरपासून दोन-तीन इंचांवर असलेल्या या छिद्रात फवारा कधीही मारू नये. कान कोरण्याच्या कापसाच्या काडीवर एक थेंब घेऊन तो आट्यांना लावावा आणि बोल्ट अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हळूहळू फिरवत रंग बाहेर काढावा. बोल्ट तिरका जातो आहे असे वाटताच थांबावे, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधले आटे एकदा गेले की दुरुस्ती खर्चाची होते.

चाक काढावे लागले आणि ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा असेल, तर चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ दाबू नये. मध्ये चकती नसल्यामुळे आतले पिस्टन प्रमाणाबाहेर पुढे येतात आणि मग चाक परत बसत नाही. दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली की ही भीती राहत नाही. नुकतीच घाट उतरून आलेली सायकल असेल तर चकती निवल्याशिवाय तिला हात लावू नये. ती चांगलीच पोळते.

मागच्या मडगार्डापासून सुरुवात

मागचे मडगार्ड आधी घ्यावे, कारण तिथे जागा जास्त असते आणि हात बसतो. ते चाकावर ठेवून पुढचे टोक पायडलच्या आसामागच्या आडव्या पट्टीपर्यंत आणावे आणि तिथल्या छिद्रात बोल्ट नुसता धरेल इतपतच फिरवावा. छिद्र नसेल तर पट्टीभोवती रबराचा तुकडा गुंडाळून त्यावरून जाड प्लास्टिकची टाय बांधता येते. पुढे गिअर बदलणारा डिरेलर असेल, तर त्याचा मागे येणारा भाग मडगार्डाला लागत नाही ना, हे सर्व गिअर टाकून पाहावे. नंतर वरच्या आडव्या पट्टीपाशी मडगार्डाची धातूची पकड जुळवावी आणि तोही बोल्ट सैलच ठेवावा. सगळे बोल्ट शेवटपर्यंत सैल ठेवणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे. एक जरी आधी आवळला तरी उरलेले सगळे त्याच्या तालावर वाकतात.

आता टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा सर्वत्र सारखी ठेवायची आहे. नजरेने हे नीट साधत नाही. जुन्या रबरी चपलेचा तळवा घ्यावा, त्याचे बोटभर रुंदीचे तीन तुकडे कापावेत आणि ते टायरवर, मडगार्डाखाली पुढे, वर आणि मागे असे ठेवावेत. चपलेच्या तळव्याची जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते, म्हणजे हवी तेवढीच. मडगार्ड हलक्या हाताने या तुकड्यांवर टेकवले की ते चाकाशी समांतर बसते, आणि त्याच स्थितीत सळयांची लांबी ठरवता येते. काम झाल्यावर तुकडे ओढून काढावेत.

सळयांची लांबी ठरली की मडगार्डाच्या पकडीबाहेर येणाऱ्या जास्तीच्या टोकावर खूण करावी. सळई सायकलवर असताना कापू नये, कारण लोखंडाचा कीस चकतीवर आणि पॅडमध्ये जातो. ती सोडवून दूर नेऊन हॅक्सॉने कापावी, टोक कानसने घासून गोल करावे आणि त्यावर रबरी टोपी घालावी. कापताना खुणेपेक्षा पाच मिलिमीटर जास्त ठेवावेत, कारण सळई वाढवता येत नाही.

उजव्या बाजूला एक बारीक गोष्ट सुटून जाते. आसाजवळच्या छिद्रातून आलेल्या बोल्टचे टोक आतल्या बाजूला बाहेर डोकावत असेल, तर चेन सर्वांत लहान चक्रावर गेल्यावर तिथे घासते. म्हणून बोल्टची लांबी अशी निवडावी की टोक आतल्या पृष्ठभागाशी बरोबर येऊन थांबेल. डाव्या बाजूला हाच नियम चकतीसाठी लागू आहे.

डावीकडचा कोपरा

मागचा कॅलिपर फ्रेमच्या बाहेर असेल तर मागे, आणि पुढे तर बहुधा नेहमीच, डाव्या सळईची वाट कॅलिपरच्या अंगावरून जाते. यावर चार मार्ग आहेत आणि ते ज्या क्रमाने मी पसंत करतो त्याच क्रमाने सांगतो.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सळई कॅलिपरच्या वरून नेणे. फोर्कच्या मध्यावर छिद्र असेल तर सळई तिथे लावावी. छिद्र नसेल तर आतून रबर लावलेली क्लिप फोर्कच्या पायाला कॅलिपरच्या वर बसवावी आणि सळई तिच्यात अडकवावी. ब्रेकची तार किंवा तेलाची नळी क्लिपखाली चिरडली जात नाही हे पाहावे. कार्बनच्या फोर्कवर मात्र अशी क्लिप आवळू नये. उजवी सळईही त्याच उंचीवर घ्यावी, म्हणजे मडगार्ड एका बाजूला कलत नाही.

दुसरा मार्ग स्पेसरचा, आणि बहुतेक सायकलींवर तोच वापरावा लागतो. छिद्राच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून कॅलिपरचा सर्वांत बाहेर आलेला भाग किती मिलिमीटर पुढे आहे, हे फूटपट्टी आडवी धरून मोजावे. समजा ते १४ मिलिमीटर आले. त्यात सळई आणि कॅलिपर यांच्यामध्ये राहायला हवी अशी किमान ४ मिलिमीटर जागा मिळवली की स्पेसर १८ मिलिमीटरची लागते. बोल्टची लांबी काढताना स्पेसरचे १८, सळईच्या डोळ्याचे ३, वॉशरचा १ आणि फ्रेमच्या आट्यांत शिरायचे ८ असे मिळून ३० मिलिमीटर होतात. आट्यांत शिरणारी लांबी ६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. स्पेसर जितकी लांब तितका बोल्टवर तरफेसारखा जोर येतो, म्हणून २५ मिलिमीटरच्या पुढे हा मार्ग वापरू नये, आणि स्पेसरचा बाहेरचा व्यास निदान १० मिलिमीटर असावा, म्हणजे ती फ्रेमवर सपाट टेकून बोल्टला वाकू देत नाही. डावीकडे १८ मिलिमीटर बाहेर आलेली सळई मडगार्डाला डावीकडे ओढेल असे वाटते, पण सळईचे मडगार्डाकडचे टोक पकडीत थोडे मागेपुढे सरकवून हा फरक भरून काढता येतो. तसे केल्यावर चाकाच्या बरोबर मागे उभे राहून मडगार्ड मध्यावर आहे का हे डोळ्यांनी पाहावे.

तिसरा मार्ग वाकवलेल्या सळयांचा. डिस्क ब्रेकसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मडगार्डांच्या सळया कारखान्यातच कॅलिपरला वळसा घालतील अशा वाकवलेल्या असतात आणि त्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात. साधी सळई घरी वाकवायची असेल, तर ती सायकलवरून काढून व्हाइसमध्ये धरावी, आणि एकाच ठिकाणी टोकदार कोन न करता दोन सौम्य वळणे द्यावीत. तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवली तर सळई तिथेच तुटते.

चौथा मार्ग असा आहे की तो कुणीही वापरू नये, आणि तरीही तो मी अनेक सायकलींवर पाहिला आहे: सळईचे टोक कॅलिपरच्याच बोल्टखाली घालणे. माझ्या पहिल्या हायब्रिडवर एका दुकानातल्या कारागिराने नेमके हेच केले होते. दिसायला ते अगदी नीटनेटके दिसत होते आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे तीन-चार आठवड्यांनी ताम्हिणी घाट उतरताना मागचा ब्रेक दाबला की किर्र असा आवाज येऊ लागला. कडेला थांबून कॅलिपर बोटाने हलवून पाहिला तर तो हलत होता, आणि वरचा बोल्ट दोन आटे मोकळा झालेला होता. त्याचे कारण साधे आहे. सळईच्या डोळ्याच्या जाडीमुळे बोल्ट तेवढाच कमी आत गेलेला असतो, आणि मडगार्डाची रस्त्यावरची सगळी थरथर त्या बोल्टपर्यंत पोहोचून त्याला हळूहळू सोडवत राहते. कॅलिपरचे बोल्ट हे ब्रेकचे बोल्ट आहेत आणि त्यांच्यावर दुसरे काहीही टांगू नये.

ब्रेक तारेवर चालणारा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या कॅलिपरला बाहेरच्या अंगाला एक छोटा दांडा असतो आणि मूठ दाबल्यावर तो फिरतो. मोजमाप करताना मूठ पूर्ण दाबून दांडा कुठपर्यंत येतो ते पाहावे आणि सळईची जागा त्या स्थितीपासून धरावी. पॅड झिजत गेले की हा दांडा आणखी पुढे येतो, म्हणून इथे चार मिलिमीटरऐवजी सात-आठ मिलिमीटर जागा सोडणे शहाणपणाचे. तार ताणायचा गोल नट आणि पॅड जवळ आणायचा स्क्रू यांच्यापर्यंत बोटे आणि एलन की पोहोचतात का, हेही आताच पाहून घ्यावे. पावसाळ्यात पॅड भराभर झिजतात आणि दर पंधरा दिवसांनी ते जवळ आणावे लागतात. त्यासाठी दर वेळी मडगार्ड सोडावे लागणार असेल तर ते काम टळतच जाते आणि ब्रेक ढिला राहतो.

मागे कॅरिअरही लावायचा असेल आणि छिद्र एकच असेल, तर कॅरिअरचा पाय फ्रेमला लागून आणि मडगार्डाची सळई त्याच्या बाहेर असा क्रम ठेवावा. वजन कॅरिअरवर येते, म्हणून तो फ्रेमच्या जितका जवळ तितके चांगले.

पुढचे मडगार्ड

पुढचे मडगार्ड फोर्कच्या माथ्यावरच्या छिद्रात मागून बोल्ट घालून धरावे आणि चपलेचे तुकडे ठेवून वरीलप्रमाणेच जुळवावे. फरक आहे तो सुरक्षिततेचा. मागच्या मडगार्डात काटकी किंवा दगड अडकला तर आवाज येतो आणि फार तर चाक घसरते. पुढच्या मडगार्डात तसे झाले तर मडगार्ड चाकाबरोबर ओढले जाऊन दुमडते, चाक जागीच थांबते आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. यासाठी चांगल्या मडगार्डांच्या पुढच्या सळयांना जोर पडताच आपोआप सुटणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा दिलेल्या असतात. जर्मनीच्या एसकेएस कंपनीच्या मडगार्डांवर त्या दिसतात. या क्लिपा कटकटीच्या वाटून काढून टाकू नयेत आणि सळई थेट बोल्टने पक्की करू नये. स्पेसर लावायची असेल तर ती फोर्क आणि क्लिप यांच्यामध्ये लावावी, म्हणजे क्लिपचे सुटणे अबाधित राहते. क्लिप नसलेले मडगार्ड घेतले असेल तर टायरपासूनची जागा थोडी जास्त ठेवावी आणि पालापाचोळ्याच्या, काटक्यांच्या वाटेने जाताना वेग आवरावा.

चाकाची पकड क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय हाताने दांडा उघडून सुटणारी असेल तर तिचा दांडा पूर्ण उघडतो आणि बंद होतो का, सळईला किंवा चकतीला लागत नाही ना, हे पाहावे. रस्त्यात पंक्चर झाल्यावर चाक काढता आले पाहिजे, म्हणून घरीच एकदा ते काढून आणि परत बसवून पाहणे चांगले.

सस्पेन्शनच्या फोर्कसाठी दोनच मार्ग योग्य आहेत. एक म्हणजे फोर्कच्या खालच्या दोन पायांना जोडणाऱ्या कमानीला बांधायचे छोटे मडगार्ड. ते चाकाबरोबरच खाली-वर होते. दुसरा म्हणजे हँडलपासून पायडलकडे येणाऱ्या तिरप्या नळीला लावायची रुंद पट्टी. ती चाकाला शिवतच नाही आणि अंगावर उडणारे बरेचसे पाणी अडवते. फोर्कच्या माथ्याखालच्या पोकळीत खुंटी घालून बसवायचे मडगार्डही मिळते, पण ते घेतले तर फोर्कवर पूर्ण भार टाकून टायर त्याला लागत नाही याची खात्री करावी.

मडगार्डाच्या खालच्या टोकाला रबरी फडका

पुढच्या मडगार्डाचे खालचे टोक बहुधा फार वर संपते आणि त्याखालून निसटणारे पाणी थेट बुटांवर, चेनवर आणि पायडलच्या आसावर जाते. त्यावर सोपा उपाय म्हणजे टायरपेक्षा थोडा रुंद असा जाड रबराचा तुकडा तिथे दोन छोट्या बोल्टांनी लावणे. ट्रकच्या मडफ्लॅपचे रबर यासाठी उत्तम, नाहीतर मोटारीच्या ट्यूबची दुहेरी पट्टीही चालते. तो जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर वर संपावा. त्याहून लांब ठेवला तर आपल्याकडच्या गतिरोधकांवर तो दर वेळी घासतो आणि मडगार्ड ओढतो. बोल्टचे डोके आत, टायरकडे आणि नट बाहेर ठेवावा. मागेही असाच तुकडा लावला तर मागून येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर चिखल उडत नाही. गटाने जाणाऱ्यांनी तो अवश्य लावावा.

आवळणे आणि तपासणे

सगळे जागच्या जागी बसल्यावर बोल्ट एकेक करून आवळावेत, पण एकाच वेळी पूर्ण नाही: आधी सगळे थोडे, मग परत फेरी करून सगळे पक्के. लहान एलन कीच्या आखूड बाजूला धरून बोटांनी जेवढा जोर लागतो तेवढा एम-५ बोल्टला पुरतो. आट्यांना निळे थ्रेडलॉक (बोल्ट धरून ठेवणारा चिकट द्रव) एक थेंब लावले तर बोल्ट सैल होत नाही आणि गरज पडल्यास हत्याराने सुटतो. ते लावतानाही चकती झाकलेलीच असावी.

मग चपलेचे तुकडे काढून चाक फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, पुढच्या मडगार्डाला ब्रेकची तार अडकत नाही ना. सायकलवर बसून पायडल आडवे ठेवावे आणि हँडल वळवावे. बुटाचे टोक मडगार्डाला लागत असेल तर हळू वेगात वळताना ते लक्षात ठेवावे लागेल, आणि फारच लागत असेल तर मडगार्ड थोडे पुढे सरकवावे लागेल. ब्रेकची मूठ वीसेक वेळा जोराने दाबून डावीकडची सळई आणि कॅलिपर यांच्यातली जागा डोळ्यांनी पाहावी. शेवटी सायकल हाताने पाच-सहा सेंटिमीटर उचलून जमिनीवर सोडावी. नीट बसलेल्या मडगार्डाचा यावर एकच ठोस आवाज येतो. खडखड ऐकू आली तर कुठली तरी सळई सैल आहे किंवा ताणलेली आहे, आणि ती शोधल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

पहिले २०-२५ किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा हाताने पाहावेत. नव्या जोडणीतले वॉशर आणि प्लास्टिक या काळात थोडे दबतात आणि बोल्टांना पाव फेरा जागा मिळते. त्यानंतर महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मडगार्डाच्या आतल्या बाजूवर पाण्याची धार सोडावी, कारण तिथे साचलेला चिखल वाळून कडक झाला की चपलेच्या तुकड्यांनी राखलेली जागा तोच खाऊन टाकतो. ही धार कॅलिपरवर जोराने मारू नये. ऑक्टोबरात मडगार्ड काढायचे ठरवले, तर डावीकडची स्पेसर आणि लांब बोल्ट एका पिशवीत एकत्र बांधून त्यावर ‘पुढची डावी’, ‘मागची डावी’ असे लिहून ठेवावे आणि रिकाम्या छिद्रांत आखूड बोल्ट घालून ठेवावेत, म्हणजे आटे गंजणार नाहीत आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजमाप करावे लागणार नाही.